दिवस-रात्रच नसलेल्या ग्रहावर वेलीला कधी फुटायचं ते कसं कळेल?

द्राक्षबाग_दिंडोरी

राम राम मंडळी. प्रश्न लांब आहे, पण बरेच महिने डोक्यात घोळतोय.

दिंडोरी तालुक्यात माझी बाग आहे, थॉमसन आणि थोडी क्रिमसन. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची असली की मोटर चालू करून बांधावर बसायचं, व्हॉल्व्ह बदलेपर्यंत आकाश बघायचं. ताऱ्यांबद्दल वाचायची सवय तिथंच लागली. सध्या ट्रॅपिस्ट-१ सोडवत नाही. कुंभ राशीत, ४० प्रकाशवर्षांवर एक बारका लाल तारा, गुरूपेक्षा थोडासाच मोठा. त्याच्याभोवती सात ग्रह, सगळे साधारण पृथ्वीच्या मापाचे. २०१७ साली हे जाहीर झालं. सगळ्यात आतल्या ग्रहाचं वर्ष दीड दिवसाचं, सगळ्यात बाहेरच्याचं एकोणीस दिवसांचं. मधले तीनेक असे की हवा टिकून असेल तर पाणी पाणीच राहील. इथवर समजलं.

पुढं अडलोय. हे ग्रह ताऱ्याच्या इतके जवळ आहेत की त्यांची एकच बाजू कायम उजेडात असणार आणि दुसरी कायम अंधारात, असं सगळीकडे लिहिलंय. म्हणजे सूर्य उगवत नाही, मावळत नाही. पावसाळा-हिवाळाही आपल्यासारखा नाही.

आता माझ्या वेलीकडे बघा. द्राक्ष मूळचं थंड मुलखातलं. तिकडं हिवाळ्यात पानं गाळून झोपतं आणि थंडीचा कोटा भरला की आपलं आपण फुटतं. नाशकात तेवढी थंडी कुठं? निफाडला पारा चार-पाचावर येतो, पण तेव्हा बागेत घड लटकलेले असतात आणि आम्ही रात्री शेकोट्या पेटवत फिरत असतो. म्हणून वेलीचं वर्ष आम्हीच तयार करतो. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. गोडी छाटणी झाली की लगेच काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग. हातात रबरी मोजे, बोळा औषधात बुडवायचा आणि एकेक डोळा पुसत जायचं. औषधात रंग घालतो, म्हणजे कुठला डोळा राहिला ते कळतं. हे केलं नाही तर निम्मे डोळे मुके राहतात. केलं की थोड्या दिवसांत डोळा फुगतो, त्यावर कापसासारखी लव येते आणि मग सगळी बाग एकदम पोंग्यात येते.

ज्याला हिवाळा माहीत आहे अशा झाडाचीसुद्धा हिवाळा काढून घेतला की ही गत. मग जिथं दिवस-रात्र आणि ऋतू कधी नव्हतेच, तिथं एखाद्या जिवाला कधी फुटायचं, कधी थांबायचं हे सांगणार कोण? ग्रहावर जीव असायला पाणी आणि ऊब पुरते असं सगळे म्हणतात. मला वाटतं वेळापत्रकही लागत असावं. जाणकारांनी सांगावं.

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड

दादा, भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, पण हा प्रश्न या बाजूने कुणी विचारलेला आठवत नाही. नीट उत्तर देतो.

आधी कुलूप कसं लागतं, म्हणजे ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे का राहते, ते. चंद्राची आपल्याला कायम एकच बाजू दिसते, हे त्याचंच उदाहरण. जवळच्या मोठ्या वस्तूच्या ओढीने लहान वस्तूला फुगवटा येतो. ती स्वतःभोवती जोरात फिरत असेल तर तो फुगवटा सतत मागे खेचला जातो आणि फिरणं मंदावत जातं. शेवटी एक प्रदक्षिणा आणि एक गिरकी सारख्याच वेळात होऊ लागतात. लाल बटू तारे इतके मंद असतात की उबेसाठी ग्रहाला त्यांच्या अगदी जवळ राहावं लागतं, आणि जवळ राहिलं की हे कुलूप जवळजवळ ठरलेलंच. मात्र दरवेळी असंच होतं असं नाही. आपला बुध सूर्याभोवती ८८ दिवसांत फिरतो आणि स्वतःभोवती सुमारे ५९ दिवसांत, म्हणजे दोन प्रदक्षिणांत तीन गिरक्या. कक्षा लांबट असेल तर अशी तडजोड होते. ट्रॅपिस्टच्या ग्रहांच्या कक्षा जवळपास गोल आहेत, म्हणून तिथे पूर्ण कुलूप असण्याची शक्यता जास्त.

हा प्रश्न एकट्या ट्रॅपिस्टचा नाही. आपल्या आकाशगंगेतले सुमारे तीन चतुर्थांश तारे लाल बटू आहेत. तुमची शंका खरी असेल तर विश्वातल्या बहुतेक उबदार खडकाळ जमिनींना ती लागू पडते.

आता तुमच्या वेळापत्रकाबद्दल. ट्रॅपिस्टच्या ग्रहांमध्ये एक विलक्षण शिस्त आहे. सगळ्यात आतला ग्रह २४ फेऱ्या मारतो तेवढ्यात पुढचे अनुक्रमे १५, ९, ६, ४, ३ आणि २ फेऱ्या मारतात. एकमेकांच्या ओढीने ते या तालात बांधले गेलेत. ग्रह इतके दाटीने आहेत की एकाच्या जमिनीवरून पाहिलं तर जवळून जाणारा शेजारी आपल्या चंद्राएवढा, कधी त्याहून मोठा दिसेल. अंधाऱ्या बाजूला हे शेजारी ठरलेल्या वेळी उजळत येणार आणि जाणार. सूर्य हलत नसला तरी आकाशाला घड्याळ आहे. शिवाय शेजारी जवळून जाताना ग्रहाला थोडंसं मळून काढतात, त्याने आतून उष्णताही मिळते.

फक्त हवा आहे का, हा प्रश्न सुटलेला नाही. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये सगळ्यात आतल्या ग्रहाच्या उजेडाच्या बाजूचं तापमान मोजलं, ते सुमारे २३० अंश सेल्सिअस भरलं. उघड्या खडकाचं भरावं तसं. म्हणजे तिथे दाट हवा नाही. दुसऱ्या ग्रहावरही दाट कार्बन डायऑक्साइड सापडला नाही. सगळ्यांची आशा चौथ्या ग्रहावर, ‘ई’वर आहे आणि त्याची निरीक्षणं चालू आहेत.

सूक्ष्मजीव_पंचवटी

काका, मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करतेय आणि तुमचा प्रश्न वाचून खूप आनंद झाला, कारण यावर प्रत्यक्ष प्रयोग झालेले आहेत.

सजीवांच्या आत घड्याळ असतं हे तुम्हाला माहीत असेलच. ते नीलहरित जिवाणूंतसुद्धा असतं, म्हणजे एकपेशीय, मेंदू-बिंदू काही नाही. २००५ मध्ये जपानमधल्या नागोया विद्यापीठात त्यांची फक्त तीन प्रथिनं आणि ऊर्जेसाठी एटीपी परीक्षानळीत एकत्र केलं. पेशी नाही, प्रकाश नाही, तरी त्या मिश्रणात चोवीस तासांचा ताल चालू राहिला!

या घड्याळाचा उपयोग काय? अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात वेगवेगळ्या वेगाची घड्याळं असलेले जिवाणू एकत्र वाढवले. उजेड-अंधार ११-११ तासांचा ठेवला तर जलद घड्याळवाले जिंकले, १५-१५ तासांचा ठेवला तर मंद घड्याळवाले. ज्यांचं घड्याळ बंद पडलंय असे जिवाणू दिवस-रात्रीच्या स्पर्धेत हरले. मात्र उजेड सतत चालू ठेवल्यावर तेच घड्याळ नसलेले जिवाणू बरोबरीला आले, उलट थोडे वरचढच ठरले.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. जिथे रात्र नाही तिथे घड्याळ सांभाळणं हा खर्च आहे. जीव ते टाकून देईल आणि तरीही जगेल.

टाकून न देता बदलल्याचंही उदाहरण आहे. सोमालियातल्या गुहांमध्ये एक आंधळा मासा आहे, लाखो वर्षं अंधारात राहिलेला. त्याचं घड्याळ चालू आहे, पण ते उजेडाला दाद देत नाही, अन्नाच्या वेळेला जुळतं, आणि त्याचा एक फेरा सुमारे ४७ तासांचा असतो.

सूर्याशिवाय जगणारे तर कितीतरी. १९७७ मध्ये गालापागोसजवळ समुद्राच्या तळाशी गरम झरे सापडले, तिथली सगळी वस्ती रसायनांवर पोसलेली. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल पाण्यात एक जिवाणू सापडला, तो खडकातल्या किरणोत्सर्गामुळे तयार होणाऱ्या हायड्रोजनवर जगतो. त्याला ना दिवस, ना ऋतू. एवढं लांब कशाला, आपलं लोणार २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. पाणी आटलं, क्षार वाढले, ते फोफावले.

सातपूर_थर्ड_शिफ्ट

आतल्या घड्याळाबद्दल माझा अनुभव सांगतो. सातपूरला कंपनीत आहे, शिफ्ट दर आठवड्याला फिरते. थर्ड शिफ्टला शेडमध्ये दिवसासारखा उजेड असतो, मशीनचा आवाज असतो, चहा झालेला असतो, तरी पहाटे तीन-साडेतीनला अंगातलं बळ गळतं. लाईट कितीही लावा, शरीर ऐकत नाही. त्यामुळे ताईंचं पटलं.

मला जीव असलेल्या ग्रहांपेक्षा विचित्र ग्रह आवडतात. कर्क राशीत ५५ कॅन्क्री ई नावाचा आहे, त्याचं वर्ष १८ तासांचं, जमीन वितळलेली. माझी एक शिफ्ट आणि ओव्हरटाइम होईपर्यंत त्याचं पाऊण वर्ष झालेलं असतं. दुसरा एचडी १८९७३३ बी, ६४ प्रकाशवर्षांवर. हबलने त्याचा रंग पाहिला तर गडद निळा. लोकांना वाटेल समुद्र. पण तो वायूचा गोळा आहे, हजार अंश तापलेला. त्याच्या हवेत काचेचे बारीक कण असावेत असा अंदाज आहे आणि वारा ताशी हजारो किलोमीटर. निफाड-चांदवडला गारपीट होते तेव्हा हा ग्रह हटकून आठवतो.

एक विचारायचं होतं. एप्रिल २०२५ मध्ये के२-१८बी वर जीवसृष्टी सापडली म्हणून सगळ्या चॅनेलवर चाललं होतं. त्याचं पुढे काय झालं?

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड

‘सापडली’ हा शब्द चॅनेलवाल्यांचा. सिंह राशीत १२४ प्रकाशवर्षांवर, पृथ्वीच्या सुमारे साडेआठ पट वस्तुमानाचा हा ग्रह. केंब्रिजचे प्रा. निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी आधी २०२३ मध्ये वेबच्या मदतीने तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दाखवला, ते भक्कम काम आहे. २०२५ मध्ये त्यांनी डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसल्याचं सांगितलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे तयार होतो. पण तो संकेत निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के होती. ऐकायला कमी वाटते, पण शोध म्हणायला विज्ञानात याहून फार कडक कसोटी लावतात. इतर गटांनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासली, त्यांना संकेत स्पष्ट दिसला नाही. हाच वायू ६७पी या धूमकेतूवरही आढळल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि धूमकेतूवर समुद्र नसतो. शास्त्रज्ञांनी भांडायलाच हवं, त्यात वाईट काही नाही. आपण मात्र निकाल लागेपर्यंत फटाके वाजवू नयेत.

द्राक्षबाग_दिंडोरी

मास्तर, ताई, सगळ्यांचे आभार. दोनदा वाचून काढलं. मोटर बंद झाली तरी वाचत बसलो होतो.

ताई, घड्याळाशिवाय जिवाणू जगतो हे मान्य. पण माझी शंका जगण्याबद्दल कमी आणि थांबण्याबद्दल जास्त आहे. वेलीची खरी करामत फुटण्यात नाही. पुढच्या हंगामाचा घड ती काडीच्या डोळ्यात आधीच तयार करून ठेवते. खरड छाटणीनंतर चाळीस ते सत्तर दिवसांत डोळ्याच्या आत सूक्ष्म घड बनतो. त्या दिवसांत ढगाळ राहिलं, उजेड कमी पडला की ऑक्टोबरात फुटीला घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता तणावा निघतो. डोळा उभा चिरून भिंगाखाली पाहिला तर तो घड दिसतो, मोहरीपेक्षाही बारीक. चार महिने तो तसाच गप्प पडून असतो. बी पण तसंच थांबतं. मला वाटतं हे थांबणं हिवाळ्याने आणि उन्हाळ्याने शिकवलं. जिथं काहीच बदलत नाही तिथं कुणी थांबायला शिकेल का? आणि थांबता येत नसेल तर तिथं शेवाळाच्या पुढं काही जाईल असं मला वाटत नाही.

दुसरं, तो लाल उजेड. आपल्या पानाला चालेल का?

सूक्ष्मजीव_पंचवटी

काका, उजेडाचं आधी. ट्रॅपिस्टचा बहुतेक उजेड अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. तुमच्या थॉमसनचं पान तिथे उपाशी राहील. पण २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये एक नवं हरितद्रव्य सापडलं, क्लोरोफिल एफ. तांबड्याच्याही पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा प्रकाश ते वापरतं. इतर शेवाळांच्या थराखाली सावलीत राहणाऱ्या नीलहरित जिवाणूंनी ही सोय केलेली आहे. पृथ्वीवर सावलीपुरती गरज होती, तेवढंच झालं. लाल ताऱ्याखाली अब्जावधी वर्षं मिळाली तर ही सोय कुठवर जाईल याचा विचार करा. पानं काळपट असतील असं अनेकांना वाटतं, कारण मिळेल तो प्रत्येक किरण पकडावा लागेल.

आता थांबण्याबद्दल. ‘जिथे काहीच बदलत नाही’ हे मात्र मला पटत नाही. लाल बटू तारे फार तापट असतात. केप्लर दुर्बिणीने ट्रॅपिस्टकडे ८० दिवस पाहिलं, तेवढ्यात ४२ भडके मोजले गेले. मार्च २०१६ मध्ये प्रॉक्सिमाचा, म्हणजे सूर्याच्या सगळ्यात जवळच्या लाल बटू ताऱ्याचा, एक भडका असा होता की तो तारा काही मिनिटं ६८ पट उजळ झाला. अशा भडक्यात अतिनील किरणांचा मारा होतो. जो जीव भडक्याच्या वेळी कवच घालून गप्प बसेल तोच उरेल. म्हणजे थांबायला शिकवणारा गुरू आहे. फक्त त्याची वेळ ठरलेली नाही.

तुमच्याच बागेतली गोष्ट बघा. हायड्रोजन सायनामाइड डोळ्याला थंडी झाल्याचा भास देतं असं म्हणतात. प्रत्यक्षात ते पेशीतलं कॅटलेज नावाचं विकर अडवतं, त्यामुळे आत हायड्रोजन पेरॉक्साइड साठतं आणि डोळ्याला एक प्रकारचा झटका बसतो. त्या ताणामुळे झोप मोडते, असा आजचा समज आहे. म्हणजे वेल तारीख बघून उठत नाहीये.

द्राक्षबाग_दिंडोरी

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. आणि याला पुरावा आमच्या जिल्ह्यातच आहे. सटाणा-कळवणकडचे अर्लीवाले भर पावसाळ्यात गोडी छाटणी घेतात, आम्ही ऑक्टोबरात. जात तीच, फुटायचे दिवस जवळपास तेवढेच. झटका कधी दिला त्यावर सगळं ठरतं.

म्हणजे तिकडं भडका हीच छाटणी. भडक्यात वरचं सगळं जळून जायचं आणि खालचा मुका डोळा त्याच झटक्याने जागा व्हायचा. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर, जिथं ऊन कायम तिरपं, तिथं असली झुडपं असतील असं आता मला डोळ्यांसमोर दिसायला लागलंय. पण भडका जास्त झाला तर मुळासकट जाईल, त्याचं काय?

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड

तिथे ग्रहाचं चुंबकीय क्षेत्र मोलाचं ठरतं. ताऱ्याकडून येणारे विद्युतभारित कण ते वळवतं. हवा दाट असेल तर अतिनील किरणांचं काम हवा करते.

दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहाला असं क्षेत्र आहे का हे रेडिओ लहरींतून कळू शकतं, आणि तो शोध आपल्या वाटेवरच चालतो. पुण्याला जाताना नारायणगावहून आत खोडद आहे, तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. एचएटी-पी-११बी या ग्रहाकडून रेडिओ लहरी येत असाव्यात असा एक संकेत तिथल्या २००९ सालच्या निरीक्षणांत दिसला होता. पुढच्या वर्षी पुन्हा पाहिलं तर तो नव्हता. बाकी संकेत असा दिसून हरवतो तेव्हाच या कामाची खरी अवघड बाजू कळते. विज्ञान दिनाला फेब्रुवारीअखेर खोडदला प्रदर्शन असतं, जमलं तर जा.

आणि बांधावर बसताच आहात तर एक सांगतो. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा मिळून आकाशात मोठा चौकोन होतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री डोक्यावर येतो. पूर्वा भाद्रपदेचे दोन तारे चौकोनाची पश्चिमेची बाजू करतात. त्या बाजूच्या मध्याजवळ, किंचित बाहेर ५१ पेगासी हा मंद तारा आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ मध्ये त्याच्याभोवती सापडला, वर्ष फक्त ४.२ दिवसांचं. मायोर आणि क्वेलोझ यांना २०१९ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. साध्या डोळ्यांना जेमतेम, पण दुर्बिणीच्या जोडीने नक्की दिसेल.

सातपूर_थर्ड_शिफ्ट

दादा, या नोव्हेंबरात फर्स्ट शिफ्ट असेल त्या आठवड्यात दिंडोरीला येऊ का? माझ्याकडे दहा बाय पन्नासची दुर्बीण आहे.

द्राक्षबाग_दिंडोरी

या की, मास्तरांनाही घेऊन या. तेव्हा बाग फुलोऱ्याच्या आसपास असेल, फवारणी नसलेला दिवस सांगतो.

एक शेवटची शंका. ग्रहाला ताऱ्याचं कुलूप लागतं. पण ताऱ्यापासून थोडा लांब गुरूसारखा मोठा ग्रह असेल आणि त्याला मोठा चंद्र असेल, तर त्या चंद्राला कुलूप ग्रहाचं लागेल, ताऱ्याचं नाही. मग त्याला दिवस-रात्र मिळेल की नाही? गुरूचा युरोपा साडेतीन दिवसांत एक फेरी मारतो. म्हणजे सुमारे ४२ तास उजेड, ४२ तास अंधार. तेवढ्यावर पीक येईल. मला तर खडकाळ ग्रहांपेक्षा असे चंद्र जास्त भरवशाचे वाटायला लागलेत.

निवृत्त_मास्तर_नाशिकरोड

मिळेल. हिशेब बरोबर आहे. शिवाय ग्रहाकडे तोंड असलेल्या बाजूला दर फेरीत भर दुपारी ग्रहण लागेल, युरोपावर ते सुमारे तीन तास टिकतं. परक्या ताऱ्याभोवती असा चंद्र मात्र अजून पक्का सापडलेला नाही. २०१८ मध्ये केप्लर-१६२५बी भोवती एक असावा असं पुढे आलं, त्यावर वाद चालू आहे. सापडला की इथेच लिहीन.